बावन्नावा पत्ता

शके अठराशे एकाहत्तरचे ते साल. निवांतनाथ महाराजांचा मुक्काम तेव्हा नदीकाठच्या चिंचवेढे गावी, नृसिंहाच्या देवळात होता. महाराज फार बोलत नसत. येईल त्याच्या हातावर मूठभर लाह्या ठेवीत आणि म्हणत, "बस बाबा."

याच गावच्या मार्तंड कासाराला पत्त्यांचा नाद होता. दारोदार फिरून बायाबापड्यांचे हात भरणारा हा माणूस, पण बायकोच्या, द्वारकेच्या, हातातले बिलवरही त्याने डावावर लावले. तेव्हा तिचा थोरला भाऊ त्रिंबक तिला आपल्या गावी घेऊन गेला.

त्रिंबक जात्याच संशयी. देवाचा प्रसादसुद्धा हुंगून खाई. पुढे मार्तंडाने 'मी सुधारतो आहे' म्हणून दोन चिठ्ठ्या धाडल्या, त्या त्याने वाचून चुलीत घातल्या. जुगाऱ्याच्या शब्दावर काय म्हणून विसंबायचे? द्वारका विचारी, "दादा, काही निरोप?" तो म्हणे, "कसला निरोप? विसर त्याला."

भाद्रपद सरता सरता एका वाटसरूने बातमी आणली. मार्तंड रोज देवळाच्या पायरीवर पत्ते घेऊन बसतो! त्रिंबकाला तेवढेच हवे होते. जातीचे दोन पंच बरोबर घेतले, गवताची काडी खिशात ठेवली, बहिणीला म्हणाला, "चल, डोळ्यांनी बघ. आज तुझी काडीमोड करूनच परतायचं."

दुपारी मंडळी देवळात पोहोचली. मार्तंड खरेच पत्ते मांडून बसला होता, आणि शेजारी महाराज डोळे मिटून! 'बुवालाही वाटा मिळत असणार,' त्रिंबकाने ताडले.

"काय मार्तंडराव, देवाला तीन पानी शिकवताय?"

जमलेले लोक हसले. मार्तंड गडबडून उठला. "दादा, हे खेळायचे नव्हेत."

"मग वारा घ्यायचे?"

"पत्ते धुनीत टाकायला आलो होतो. महाराजांनी हात धरला. म्हणाले, हे जाळशील आणि उद्या नवे घेशील. त्यापेक्षा रोज एका पत्त्यावर कोरा कागद चिकटव, मनात आलं ते खरं खरं लिही आणि देवाला वाचून दाखव. बावन्न झाले की बायकोला आणायला जा. आज बावन्नावा दिवस आहे, दादा."

त्रिंबकाने पत्ते हिसकावले. खुणेचे तर नाहीत? नखाने एक कागद उचकटला. खाली इस्पिकचा राजा निघाला. मग तो मोठमोठ्याने वाचू लागला.

"'आज पाय अड्ड्याकडे वळले. चिंचेच्या खोडाला मिठी मारून उभा राहिलो.' वा! बायको सोडून झाडाला मिठी!"

पुन्हा हशा पिकला. मार्तंडाने मान खाली घातली.

"'नृसिंहा, तू खांबातून आलास. माझ्यासारख्या दगडातून येशील का?'"

या वेळी कोणी हसले नाही. द्वारकेने पदर डोळ्यांना लावला. ते पाहून त्रिंबक चिडला. "कोणी लिहून दिलं रे हे?"

महाराजांनी डोळे उघडले. म्हणाले, "शेवटचाही वाच की, त्रिंबका."

"वाचतो, भितो काय?" त्याने तळचा पत्ता ओढला. "'द्वारकेला आलेल्या दोन चिठ्ठ्या मी चुलीत घातल्या. पहिली नागपंचमीला, दुसरी पोळ्याला. तिने विचारलं तेव्हा...'"

त्याने पत्ता उलटसुलट करून पाहिला.

मार्तंड चाचरत म्हणाला, "दादा, तो पत्ता कोरा आहे. आजचं मी अजून लिहिलंच नाही."

तरी त्रिंबकाचा संशय जाईना! त्याने पत्ता उन्हात धरला, थुंकी लावून चोळला. शाईचा ठिपका नाही. त्याने पंचांना विचारले, "तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं बाबा. तुझ्याच तोंडून."

"दादा," द्वारका हळूच म्हणाली, "मी रोज विचारत होते रे."

त्रिंबक महाराजांकडे वळला. "तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"मी कुठे काय बोललो? संशय घ्यावा बाबा, पण थोडा आपलाही घ्यावा."

खिशातली काडी तशीच राहिली. त्रिंबकाने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले, आणि उठून मार्तंडाच्या पायांकडे वाकला. मार्तंडाने त्याला वरच्यावर धरले. धन्य ती गुरुमाउली!

द्वारका त्याच दिवशी आपल्या घरी राहिली. मार्तंडाने पुन्हा पत्त्याला हात लावला नाही, पण लिहिणे मरेपर्यंत सोडले नाही. अड्डा अजून स्वप्नात येतो, असे म्हातारपणीही तो प्रांजळपणे लिही. महाराज शिमग्याच्या सुमारास कोणाला न सांगता गाव सोडून गेले. दोघा पंचांपैकी एक त्यांचा शिष्य झाला. दुसरा जन्मभर म्हणत राहिला, त्रिंबकाला ऊन लागले होते. आणि त्रिंबक? लाजेने त्याने तीन वर्षे बहिणीच्या गावची वाट धरली नाही. शेवटी एका भाऊबीजेला द्वारकाच ओवाळणीचे तबक घेऊन त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.