ठकूआईचा हंडा

मीठ बैलाच्या पाठीवरून गावात यायचं, त्या काळची ही गोष्ट. खडकसोंड गावात ठकू नावाची कुंभारीण होती. चूल घालावी तर तिनेच. दुसऱ्यांच्या चुलीतला निम्मा जाळ बाहेरच पळायचा. ठकू त्याला मातीतून असा वळवायची, की पुढे भाकरी भाजावी आणि कडेच्या वैलावर हंडाभर पाणी उकळावं, तेही त्याच चार काटक्यांत. तिच्या चुलीचा धूर शोधूनही सापडायचा नाही, असं म्हणतात.

एका साली गावात पटकी आली. घरटी एक माणूस जाऊ लागलं. ठकूने सांगितलं, तळ्याचं पाणी उकळून प्या. लोक म्हणाले, त्याला जळण कुठून आणायचं? तेव्हा तिने एका दिवसात साठ घरांत वैलाच्या चुली घातल्या. मातीचा एकच गोळा साठाव्या घरापर्यंत पुरला, असं म्हणतात. माल पुरवून विकणारे आम्ही व्यापारी, पण एवढं आम्हालाही कधी जमलं नाही.

तरी पटकी हटेना. पाटलांनी बजावलं, अमावास्येपर्यंत माणसं पडायची थांबली नाहीत तर चुली फोडू आणि तुला वेशीबाहेर घालवू.

ठकूने वाद घातला नाही. तिला कोडं पडलं होतं. पाणी तर खळखळा उकळतंय, मग मरी शिरते कुठून? ती घरोघरी चुलीपुढे जाऊन नुसती बघत बसली. पहिल्याच घरी, पाटलांकडे, पाटलीणबाईंनी हंडा उतरवला आणि त्यात तळ्याचं गार पाणी तांब्याभर ओतलं.

“हे काय केलंत, बाई?”

“विसण घातलं. एवढं कढत कोण पितं, ठकू? जिभेची साल निघेल.”

“विसण आंघोळीच्या पाण्यात घालावं. इथे तुम्ही साप मारलात आणि त्याचं पिल्लू परत बिळात सोडलंत.”

“मग प्यायचं कसं?”

“वाट बघून.”

पुढे बघावं तर घरोघरी तेच. मग ठकूने घरोघरी हंडे पुन्हा उकळून झाकायला लावले आणि स्वतः पाटलांच्या हंड्याशेजारी बसून राहिली. कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी तिने हळूच फुंकर घातली आणि गावातले साठही हंडे एकदम निवले, असं म्हणतात. अमावास्या आली तेव्हा एकही नवं अंथरूण पडलेलं नव्हतं.

आजही खडकसोंडात नवी सून आली की सासू वैलावरचा हंडा उतरवून झाकते आणि दोघी त्याच्याजवळ बसतात. पाणी निवेपर्यंत उठायचं नाही. तोवर एकमेकींना काय हवं ते विचारायचं आणि खरं तेच सांगायचं. हंडा चांगला मोठा घेतात. मग ठकूआईचं नाव घेऊन पहिला पेला सासू सुनेला देते.