हाड आणि श्वास

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. एका डोंगराच्या कुशीत एक मोठं तळं होतं आणि तळ्याच्या काठाला एक गाव होतं. पहाटे तळ्यावरून धुकं उठायचं. ते गावात शिरायचं, अंगणांतून हिंडायचं, झोपलेल्या गुरांच्या पाठीवरून हात फिरवायचं आणि ऊन वर आलं की हळूच मागं सरायचं.

गावाच्या पाठीशी एक उभा कडा होता. त्या कड्याच्या कपाळाला आग्या माश्यांची मोठमोठी पोळी लटकत. त्यांची गुणगुण खाली गावापर्यंत ऐकू येई. ऐकून ऐकून गावातली लेकरं त्या गुणगुणीवरच झोपी जात.

या गावात गोमा नावाचा माणूस राहत असे. कड्यावरचा मध काढणं हे त्याचं काम. वेलींचा दोर कमरेला बांधून तो वरून खाली उतरायचा, धूर करायचा, पोळ्याचा थोडासा भाग कापून घ्यायचा आणि बाकीचं तसंच ठेवायचा. म्हणायचा, "घर त्यांचं. आपण पाहुणे."

एकदा असं झालं, की गोमा कड्याच्या मध्यावर लोंबकळत असताना वारा फिरला. धूर उलटा त्याच्याच डोळ्यांत गेला. माश्या खवळल्या. गोमानं हिसका दिला, दोर दगडाच्या धारेवर घासला आणि तुटला.

खाली करवंदीच्या दाट जाळीत तो पडला म्हणून जीव वाचला. पण पाय गुडघ्याखाली मोडला.

गावात त्र्यंबकबुवा नावाचे वैद्य होते. हाडांची विद्या त्यांच्याइतकी त्या मुलखात कुणाला नव्हती. कातडीवरून नुसतं बोट फिरवलं, तरी आतलं हाड कुठं मोडलंय ते त्यांना कळायचं. स्वभावानं मात्र करडे. "हाताला लागेल तेवढं खरं," असं ते नेहमी म्हणत.

बुवांनी चार माणसांना गोमाला धरायला लावलं, पाय ओढून हाड बसवलं, पाल्याचा लेप लावला आणि बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या.

"हे बघ राही," गोमाच्या बायकोला ते म्हणाले, "हाडाला जुळायला कुणी शिकवावं लागत नाही. त्याला फक्त स्वस्थ पडू द्यायचं. हा पाय हलला नाही पाहिजे."

पण पाय हलायचा. गोमा डोळे मिटायचा आणि तत्क्षणी कड्यावरून पडायचा. पुन्हा तो वारा, पुन्हा तो धूर, पुन्हा पायाखाली काहीच नाही. ओरडत, हातपाय झाडत तो जागा व्हायचा. कामट्या सैल व्हायच्या. बुवा येऊन पुन्हा आवळायचे.

बुवांनी झोपेचा काढा दिला. त्यानं गोमाला गुंगी आली, पण तीही वाईटच ठरली. पडणं चालूच राहिलं, जाग तेवढी येईना. त्याचं अन्नावरचं मन उडालं. गाल बसले. अंगात ज्वर राहू लागला. लेपाखालचं हाड आहे तिथंच होतं; जुळायचं नाव घेईना.

"बुवा, काहीतरी करा," राही काकुळतीनं म्हणाली.

"पायाचं औषध माझ्याकडं आहे, पोरी," बुवा म्हणाले. "भीतीचं नाही."

दुसऱ्या दिवशी धुकं ओसरायच्या आधीच राहीनं होडी सोडली. तळ्याच्या पलीकडच्या काठावर एक साध्वी राहत असे. सगळे तिला तळ्याची माई म्हणत. ती कुणाला अंगारा देत नसे की ताईत बांधत नसे. पाण्याकडं तोंड करून नाम घेत बसायची. तिच्याजवळ जाऊन बसलं, की उगीचच बरं वाटायचं.

राहीनं सारं सांगितलं. माईनं विचारलं, "वैद्यबुवा बघतात ना त्याला?"

"बघतात, माई. पण भीतीचं औषध आपल्याकडं नाही म्हणाले."

"मग येते मी," माई म्हणाली. "भीतीची आणि माझी ओळख जुनी आहे."

माई आली आणि गोमाच्या उशाशी बसली. पायाकडं तिनं पाहिलंही नाही. "डोळे मिटलेस की काय दिसतं रे बाबा?"

"कडा दिसतो, माई. मी पडतोय."

"आणि दोर?"

"दोर तुटलाय."

"बरं. मग हा माझा दोर धर," असं म्हणून माईनं त्याच्या छातीवर अलगद हात ठेवला. "हा श्वास आहे ना, हाच दोर. श्वास आत घेशील तेव्हा थांब आणि देवाचं नाव घे. सोडशील तेव्हा हातभर खाली उतर. घाई करू नकोस. खाली जमीन आहे. ती कुठं जात नाही."

गोमानं डोळे मिटले. कडा समोर आलाच. पण या वेळी त्याच्या हातात दोर होता. श्वास आत आला, तो थांबला. श्वास बाहेर गेला. तो हातभर उतरला. पोळी त्याच्या शेजारून सावकाश वर गेली. माश्यांची गुणगुण ऐकू येत होती आणि ऐकता ऐकता ती गुणगुण म्हणजेच नाम झाली. कपारीत उगवलेली रानफुलं त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिली. इतकी वर्षं या वाटेनं उतरलो, पण ही कधी दिसली नव्हती, असं त्याच्या मनात आलं. मग गवताची शेंडी पायाला लागली, मग ओली माती. गोमा जमिनीवर उतरला आणि तिथंच, मऊ मातीवर, गाढ झोपला.

राही दारात उभी होती. नवऱ्याचं शांत तोंड पाहून तिनं पदर डोळ्यांना लावला.

माई रोज येऊ लागली. गोमा रोज उतरू लागला. ज्वर हटला. तो भाकरी मागून खाऊ लागला. स्वस्थ पडलेल्या पायात हाड हळूहळू धरू लागलं.

मग गाव बोलू लागलं. "माईनं केलं! नामानं केलं!" कुणी म्हणालं, "वैद्याच्या त्या कामट्या आता कशाला?" माणसं बोलतात आणि निघून जातात. ऐकणाऱ्याच्या मनात ते बोलणं मुक्काम करतं.

एका सकाळी गोमाला फार हलकं वाटलं. धुकं खिडकीतून आत आलं होतं आणि आपणही त्यासारखेच झालोय, असं त्याला वाटलं. राही पाण्याला गेली होती. त्यानं कामट्यांच्या गाठी सोडल्या, भिंतीचा आधार घेतला आणि तो उभा राहिला. पुढं पाऊल टाकलं मात्र, कच्चं हाड पुन्हा मोडलं.

राही धावत बुवांकडं गेली. बुवा ओटीवरून उठले नाहीत. "कामट्या कुणी सोडल्या? नामानं बरा झाला होता ना? आता नामानंच हाड बसवा म्हणावं."

राही तिथंच अंगणात मटकन बसली. बातमी तळ्यापलीकडं गेली आणि माई स्वतः बुवांच्या दारी आली.

"बुवा, चुकलं माझंच," ती म्हणाली. "उतरायचं कसं ते मी त्याला शिकवलं, कामट्यांना हात लावू नकोस हे सांगायचं राहिलं. मन हलकं झालं, की माणसाला वाटतं हाडही भरून आलं."

बुवा तिच्याकडं पाहत राहिले. "म्हणजे तुमचं नाम हाड जोडत नाही?"

"हाड बसवता तर मला येतच नाही. येत असतं तर तुमच्या पायऱ्या कशाला चढले असते?"

बुवांचा राग ओसरला. आवाज खाली आला. "माई, खरं सांगतो. नुसत्या रागानं बसलो नाही मी. मला धीर होत नाही. हाड बसवायला पाय ओढावा लागतो, आणि हात लावला की त्याचा पाय दगडासारखा ताठ होतो. मागच्या खेपेला चौघांनी धरला तेव्हा कुठं जमलं. आता त्याच्या अंगात काय उरलंय? तेवढी ओढाताण तो सोसायचा नाही. जीव जाईल."

"ताठ का होतो?"

"भीतीनं. दुखणार हे पायाला आधीच कळतं."

"मग ती भीती माझ्याकडं द्या," माई म्हणाली. "हाड तुमच्याकडं राहू दे."

दोघं मिळून गोमाच्या घरी गेली. माई उशाशी बसली, बुवा पायथ्याशी. गोमाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बुवा, मला माफ करा."

"माफीबिफी मग," बुवा म्हणाले. "आता माई सांगतील ते कर."

माईनं छातीवर हात ठेवला. "दोर धरलास?"

"धरला."

"उतर."

बुवांनी आयुष्यात कितीतरी हाडं बसवली होती, पण रोग्याच्या श्वासाकडं कान त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा दिला. श्वास आत आला, थांबला. नामाचा अस्फुट आवाज झाला. श्वास बाहेर जाऊ लागला, आणि त्याबरोबर त्यांच्या हाताखालचा तो ताठ पाय सैल होत गेला. बुवांनी ओढ दिली नाही. आणखी थोडं थांबले. पुढचा श्वास आला, आणि तो बाहेर जाताना, अगदी शेवटाला, त्यांनी एकच भरदार ओढ दिली.

गोमा ओरडला. पण ओरडून होईपर्यंत हाड जागेवर बसलं होतं. कुणालाही त्याला धरावं लागलं नव्हतं.

बुवांनी लेप लावला, कामट्या बांधल्या. गाठ मारताना त्यांनी माईकडं पाहिलं. माई गोमाला म्हणाली, "ऐक. जोवर बुवा स्वतःच्या हातानं ही गाठ सोडत नाहीत, तोवर ती सोडायची नाही. हेही नामच समज."

गोमानं ते तसंच पाळलं. त्याच्या पायाचं हाड जुळलं, पाय जमिनीवर टेकला. चाल जराशी लंगडी राहिली, ती कायमची. आपल्या उतावळेपणाची ती खूण आहे, हे तो कुणापासून लपवत नसे.

त्यानंतर बुवांकडं कुणी आलं, की नाडी धरायच्या आधी ते विचारायचे, "झोप लागते का रे? मनात काय चाललंय?" आणि माईकडं कुणी आजारी माणूस आणला, तर ती पहिल्यांदा त्याला होडीत बसवून बुवांकडं पाठवायची, मग स्वतः मागून जायची.

गावात मात्र वाद चालूच राहिला. एकदा देवळाच्या पारावर चार माणसं हमरीतुमरीवर आली. कुणी म्हणे औषधानं बरा झाला, कुणी म्हणे नामानं. तेवढ्यात बुवा तिथून चालले होते. लोकांनी त्यांनाच अडवलं. "बुवा, तुम्हीच सांगा. गोमाचं हाड जोडलं कुणी?"

बुवा थांबले. "हाड मी बसवलं," ते म्हणाले. "माईनं त्याला स्वस्थ केलं, म्हणून ते बसलेलं राहिलं. पण जोडलं कुणी म्हणाल, तर ते कामट्यांच्या आत, अंधारात, कुणी न पाहता जोडलं गेलं. आम्ही दोघं बाहेर राखण करत होतो."

आणि हात जोडून ते पुढं निघून गेले.

तात्पर्य: शरीराला विद्येचा हात हवा आणि मनाला साधनेचा, दोघांनी मिळून राखण केली, की बरं होण्याला वाट मिळते.