ओढोबाची गाठ

एका परसात एक कांदा रुजत होता. त्याच्या मुळाच्या टोकाशी एक इवलीशी पेशी होती आणि त्या पेशीत ओढोबा नावाचा एक तंतू राहत होता. अंगाने हडकुळा, पण स्वतःच्या ताकदीचा गर्व डोंगराएवढा.

त्या दिवशी पेशीत नुसती लगीनघाई होती. एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या होत्या. घराण्याचा सगळा वारसा गुणसूत्रांकडे, आणि प्रत्येक गुणसूत्र म्हणजे एकमेकींच्या कमरेला मिठी मारून बसलेल्या जुळ्या बहिणींची जोडी. थोरलीने वरच्या टोकाला जायचं, धाकटीने खालच्या; आणि त्यांना ओढून न्यायचं काम तंतूंचं. एक जरी बहीण आपल्या टोकाला पोचली नाही, तर तिथली नवी पेशी जगायची नाही.

ओढोबाने वरून एका जोडीतल्या थोरलीच्या कमरेला गाठ मारली. खालून धाकटीला चिवटराव नावाच्या तंतूने धरलं. दोघे ओढू लागले. थोड्याच वेळात ओढोबाचं अंग ठणकायला लागलं.

"अहो चिवटराव, कशाला उगाच आडवे येता? जरा सैल सोडा. माझं काम मला करू द्या."

"बघा बुवा," चिवटराव म्हणाला आणि त्याने ओढ सोडली.

ओढोबाला कसं हलकं हलकं वाटलं. तो गाणंच गुणगुणू लागला. तेवढ्यात गाठकर मुकादम फिरत फिरत आले. प्रत्येक गाठ चाचपायची आणि सैल लागली की सोडवून टाकायची, हा त्यांचा नेम. त्यांनी ओढोबाची गाठ चाचपली आणि सोडवायला घेतली.

"मुकादम, थांबा. माझी गाठ पक्की आहे हो."

"पक्की असती तर ताणलेली असती."

ओढोबाचं धाबं दणाणलं. थोरली हातची निसटत चालली होती. सगळा गर्व गुंडाळून ठेवून तो म्हणाला, "चिवटराव, चुकलं माझं. ओढा हो, असेल नसेल तेवढं बळ लावून ओढा."

चिवटराव हसला आणि त्याने ओढलं. गाठ करकचून आवळली. मुकादमांनी पुन्हा एकदा चाचपून पाहिली आणि पुढे निघाले. पेशीतली शेवटची गाठ ताणलेली दिसली, तसा त्यांनी इशारा केला. सगळ्या बहिणींची मिठी सुटली आणि त्या खिदळत आपापल्या टोकाला पोचल्या. मध्ये नवी भिंत उभी राहिली. परसातल्या कांद्याचं मूळ केसभर लांब झालं.

ओढोबाने अंग सैल सोडलं आणि भिंतीपलीकडे हाक दिली, "चिवटराव, तुम्ही होतात म्हणून निभावलं."

तात्पर्य: उलट बाजूने ओढणारा प्रत्येक जण वैरी नसतो; कित्येकदा त्याच्या ओढीमुळेच आपली पकड घट्ट राहते.