सरू न्हाविणीचा दगड

आमच्या चिंचणखोऱ्यात एक नियम आहे. वेशीबाहेरच्या काळ्या दगडावर बाईमाणसानं बसायचं नाही. का, असं लहानपणी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं : "सरूआईचा दगड आहे तो. शिपायांचा मान आहे. इचारायचं नसतं."

आणि सरूआईची गोष्ट मात्र हीच माणसं रंगवून सांगतात. तुम्हीही ऐका.

फार वर्षांपूर्वी, या खोऱ्यात गाडीवाटही नव्हती तेव्हा, इथल्या घराघरातून माणूस पलटणीत जायचा. रजेवरचा शिपाई वेशीत दिसला की हलगी कडाडायची. त्याच्या बुटांत तोंड दिसायचं, पट्ट्याचं पितळ उन्हात तळपायचं, गालावर एक खुंट नसायचा. गाव त्याला ओवाळायचं. असं म्हणतात, की वर्दीला ओवाळता ओवाळता आतला माणूस बघायची गावाची सवयच मोडली.

एका लांबच्या लढाईनंतर काही वर्षांनी, भर दुपारी वेशीत एक मनुष्य आला. अंगाला पोत्याचं फडकं, पाय अनवाणी, दाढी छातीपर्यंत. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी तुमचाच. पलटणीतला."

गाव हसलं. "शिपाई असा असतोय व्हय रं?"

कुणी त्याला भामटा म्हणालं. कुणी दगड उचलले. खुद्द बळवंतराव पाटलांनीही उचलला.

तेवढ्यात सरू पुढं झाली. सरू म्हणजे गावच्या न्हाव्याची विधवा. नवऱ्यामागं त्याची वस्तरा-वाटीची धोकटी तिनं खांद्याला लावली होती, पण पुरुष तिच्यापुढं डोकं वाकवायला लाजायचे. बायका तेवढी नखं काढून घ्यायच्या, त्यावर तिची भाकरी. तिनं त्या माणसाचा हात धरला आणि त्याला काळ्या दगडावर बसवलं.

पाटील ओरडले, "सरू, ह्या भिकाऱ्याला हात लावलास तर उद्यापासून तुझ्याकडं कुणी नखंसुदिक काढणार न्हाई!"

"नगा काढू. आन् मारायचंच आसंल त्याला, तर दाढी झाल्यावर मारा. मधीच हालला तर कापंल."

असं म्हणतात, तिची बोटं बुडताच वाटीतलं पाणी कढत झालं. असं म्हणतात, कापलेले केस भुईला टेकण्याआधीच राख होऊन उडाले, आणि वस्तऱ्याच्या एकेका हातासरशी त्या चेहऱ्यावरचं एकेक वर्ष उतरत गेलं. हनुवटी उघडी पडली तशी पाटलीणबाईंनी किंकाळी फोडली. तो त्यांचा धाकटा होता, खाशाबा. पाटलांच्या हातातला दगड गळून पडला, तो इतका खोल गेला की तिथं झरा फुटला.

सरूनं वस्तरा पुसला. म्हणाली, "खुंटीवर टांगलेली वर्दीबी तुमी ओवाळली आसती. मानूस वळखायला न्हावीण लागली."

तेव्हापासून रजेवर आलेला शिपाई आधी त्या दगडावर बसतो, मग तो कडक इस्त्रीत येवो की मळक्या लेंग्यात. गावचा न्हावी झऱ्याचं पाणी लावून त्याच्या गालाला वस्तरा टेकवतो, सगळं गाव उभं राहतं, आणि मगच तो घरी जातो.

यंदा चैत्रात मी आले. कॉलेज संपवून मी फौजेत भरती झाले, प्रशिक्षण पुरं केलं, ही पहिली रजा. बूट एसटीतच चकचकीत केले होते. वर्दीची घडी मोडू नये म्हणून अर्धा प्रवास उभ्यानं केला होता. वेशीत पाहते तर माझे चुलत आजोबा, दगडूआण्णा, काठी आडवी धरून उभे. मागं पारावरचे सगळे म्हातारे.

"पोरी, तू घरला जा. देवळात शाल दिऊ, नारळ दिऊ. पर दगड न्हाई."

"का?"

"अगं, दाढी कुठाय तुला? न्हाव्यानं करायचं काय?"

सगळे खो-खो हसले.

"अंबाडा तपासायचा," मी म्हणाले. "एक बट सुटली तर आमचे कवायतीचे उस्ताद मैदान संपेपर्यंत पळवतात."

"चेष्टा नगं. रीत म्हंजी रीत. सरूआईला चालायचं न्हाई."

मी सरळ जाऊन दगडावर बसले.

"आण्णा, या दगडावर पहिला शिपाई एका बाईनं बसवला. तुमच्या-माझ्या पूर्वजांच्या हातात तेव्हा धोंडे होते. तिला काय चालतं ते तुम्ही मला सांगू नका. मी उठणार नाही. तुम्हाला उभं राहायचं तर राहा, नाहीतर पारावर जाऊन बसा."

नामदेव न्हाव्यानं एकदा आण्णांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग वाटी उचलून तो झऱ्याकडं निघाला. त्याला कुणी अडवलं नाही. आण्णांची काठी हळूहळू खाली आली, आणि त्या म्हाताऱ्यांपैकी एकही पारावर बसायला गेला नाही.