कोंडाईच्या घराची झडती

त्या राज्यात प्रत्येकाला जन्माबरोबर एक घर मिळे. वर गोल छप्पर, आतून दोन भाग, मध्ये एक अरुंद बोळ, दोन्ही अंगांना एकेक दार आणि समोर दोन खिडक्या. इथवर सगळी घरं सारखीच. आत मात्र खोल्या नसत. त्या पाहुणे बांधत. पाहुणे आधी बाजूच्या दारांनी येत, कुणाच्या तरी बोलण्याबरोबर. घरधनी वाचायला शिकला की समोरच्या खिडक्यांतूनही शिरू लागत. बरेचसे घडीभर टेकून निघून जात. काही राहत. राहिलेला पाहुणा आपल्या सोयीने एखादी भिंत घाली, कोनाडा काढी, आणि पुढच्याला त्या भिंतीला वळसा घालून जावं लागे. वीस-पंचवीस वर्षांत कोणतीही दोन घरं सारखी उरत नसत.

याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मग एकदा भर दरबारात राजाने काहीतरी शहाणपणाचं वाक्य उच्चारलं आणि त्याची म्हातारी दाई कौतुकाने म्हणाली, "हे माझंच हो. तुम्ही पाळण्यात असताना मी म्हणायची." राजा हसला. पण त्या दिवसापासून त्याला आपल्या कोणत्याच वाक्याचा भरवसा वाटेना. त्याने हुकूम काढला: घराघराची झडती घ्यावी, पाहुणे बाहेर काढावेत, आणि मागे उरेल त्या खऱ्या मालकाची सही घ्यावी. ज्या घरात मालक सापडणार नाही, त्याला कुलूप.

सटवाजी हा त्या खात्यातला सर्वांत जुना तपासनीस. नेमणुकीच्या दिवशी तपासनिसांची घरं आधी रिकामी केली जात, तसं त्याचंही केलं होतं. त्याला आता नीट झोप लागे आणि उठल्यावर दमल्यासारखं वाटे. घरात काही बोललं की तेच शब्द, त्याच क्रमाने, भिंतीवरून परत येत. म्हणून तो फारसं बोलत नसे. कामातही त्याला काही गंमत उरली नव्हती. बहुतेक घरांत शेवटी जो पाहुणा मागे राही तोच घाबरून मालक म्हणून सही करी. सटवाजी ते ओळखे, आणि कागद घडी करून पिशवीत टाकी.

असं करत करत एका दुपारी तो कोंडाईच्या घरापाशी आला. कोंडाईकडे बाया लांबून येत. कोणाचं भांडण, कोणाचा रुसवा, कोणाचं न संपणारं दुःख. ती थोडा वेळ गप्प राही आणि मग असं काही बोले की आलेली बाई पदर सावरून उठे. तिला कुलूप लागलं तर आपण जायचं कुठे, हा घोर साऱ्या वस्तीला होता.

दार एका नावाडणीने उघडलं. एका फाटक्या पुस्तकातून ती आली होती. त्याचं शेवटचं पान नव्हतं, त्यामुळे तिची नाव कधी काठाला लागलीच नव्हती. नदीच्या बाजूला तिने स्वतःसाठी एक खिडकी पाडून घेतली होती.

"मालकीण कुठे आहे?" सटवाजीने विचारलं.

"आत असेल," ती म्हणाली. "आत्ताच तर बोलत होती."

आत माजघरात एक न्यायाधीश बसला होता. लहानपणी जत्रेतल्या नाटकात ऐकलेला, खोट्या दाढीचा. कोंडाई काही बोलण्याआधी तो प्रत्येक शब्द तपासे. मालकीण स्वयंपाकघरात असेल, असं त्याने सांगितलं. स्वयंपाकघरात एक परमुलखातलं गाणं चुलीशी बसलं होतं. त्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. त्याने नुसती मान हलवली. शेजारी जात्यापाशी एक अर्धी ओवी होती, घरातली सगळ्यांत जुनी. कोंडाईची आई दळताना ती म्हणत असे. एके दिवशी आई मध्येच थांबली आणि पुन्हा उठली नाही, त्यामुळे ओवी अर्धीच राहिली.

"पुढचं अर्धं?" सटवाजीने विचारलं. हा प्रश्न झडतीच्या कागदावर नव्हता.

"कोंडाई रोज नवं लावते. आज सकाळीही लावलं."

"म्हणजे सकाळी ती इथे होती? तू पाहिलीस?"

ओवीने आठवून पाहिलं. "मी चाल धरली. नावाडणीने एक शब्द दिला. न्यायाधीश म्हणाला, हा खोटा वाटतो. मग तिने दुसरा दिला. तो गाण्याच्या सुरात बसेना, म्हणून जरा वाकवला. तेवढ्यात झालं की पुरं."

"पण त्यात कोंडाई कुठे होती?"

"अहो, ते सगळं कोंडाईनेच केलं," ओवी म्हणाली. त्याला एवढं साधं कळत नाही याचं तिला नवल वाटलं.

सटवाजीचे पाय दुखत होते. त्याने हुकूम वाचून दाखवला. कोणी वाद घातला नाही. नावाडीण उठली तशी नदीकडची खिडकी बुजली आणि माजघरात काळोख झाला. न्यायाधीशाबरोबर मधली भिंत गेली. गाणं बाहेर पडलं आणि चूल विझली. राहिली ओवी, आणि माळ्याच्या जिन्याशी बसलेला काळा कुत्रा. मुलांनी लवकर निजावं म्हणून कोंडाईचे वडील त्याची गोष्ट सांगत. मुलं मोठी झाली, कुत्रा तिथेच राहिला. सटवाजीला पाहून तो गुरगुरला. माळ्यावर तो कधी कोणाला एकट्याने जाऊ देत नसे.

"मालकीण वरच असणार," सटवाजी स्वतःशी म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कोणाला तरी खरोखर भेटावंसं वाटत होतं.

अर्ध्या ओवीने हलकेच हाक घातली. कुत्रा उठला आणि तिच्या मागून बाहेर गेला.

सटवाजी जिना चढला. माळ्यावर सामान नव्हतं, अंथरूण नव्हतं, कोणी नव्हतं. जमीन मात्र मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती. तो वाकला आणि पाहू लागला. होडीत बसून वाकड्या झालेल्या पायांचे ठसे, न्यायाधीशाच्या जोड्यांचे ठसे, कुत्र्याचे पंजे. सगळे एका जागी येऊन एकमेकांत मिसळले होते, इतके की कोणता कोणाचा ते सांगता येत नव्हतं. तो बराच वेळ वाकून राहिला. कंबर भरून आली तेव्हा उतरला.

अंगणात येऊन त्याने ओवीपुढे कागद धरला. "तू सगळ्यांत जुनी आहेस. कर सही. मी काही विचारणार नाही."

"मला माझंच अर्धं ठाऊक नाही," ती म्हणाली. "सही पुरी कशी करू?"

"मग मला कुलूप लावावं लागेल."

"लावा," ओवी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

त्याने कुलूप लावलं. आवाज पोकळ आला, त्याच्या स्वतःच्या घरात येई तसा. मग तो पायरीवरच टेकला. बाहेर काढलेली मंडळी समोरच्या चिंचेखाली दाटीवाटीने बसली होती. कुत्र्याने नावाडणीच्या पायावर डोकं ठेवलं होतं.

इतक्यात वाटेने एक बाई आली. तिचं नाव ठकूबाई. डोळे रडून सुजलेले. कुलपाकडे तिचं लक्षही गेलं नाही. ती सरळ चिंचेखाली गेली आणि त्या पाचजणांच्या समोर मांडी घालून बसली.

"कोंडाई," ती म्हणाली, "दोन दिवस झाले, सून माझ्याशी बोलत नाही. चूक माझीच आहे. पण माफी मागायला जीभ वळत नाही गं."

नावाडीण काही पुटपुटली. न्यायाधीशाने मान हलवली. कुत्रा एकदा गुरगुरला आणि गप्प झाला. गाण्याचा सूर कुठेतरी लागला, ओवीने तो उचलला. ठकूबाई त्यांच्यापैकी एकाकडेही बघत नव्हती. ती त्यांच्या मधोमध, जिथे कोणीच नव्हतं तिथे, नजर लावून वाट बघत होती.

"घाई नाही," ती म्हणाली. "बोलायच्या आधी तू वेळ घेतेस, ठाऊक आहे मला."