दहा फुटांची उडी

साताऱ्यात रणधीरराव भोइटे यांचं सायकलचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला अडाणी ठरवल्याशिवाय त्यांना विक्री केल्याचं समाधान मिळत नसे.

एके दिवशी प्रतिभा खामकर दुकानात आली. म्हणाली, "मी नर्स आहे. रोज दवाखान्यात जायला आणि रविवारी डोंगरवाटांवर फिरायला सायकल हवी आहे. अगदी नवशिकी आहे हो मी."

"नवशिक्यांनी निवडायचं नसतं, ऐकायचं असतं!" रणधीररावांनी चारचौघांत सुनावलं आणि दोन्ही चाकांना जाडजूड शॉकअब्सॉर्बर असलेली अजस्र सायकल पुढे ओढली. "हीच घ्या. दहा फुटांवरून उडी मारा, हिला ओरखडाही येणार नाही!"

प्रतिभाचे कान लाल झाले. ती सायकलवर बसली, तर पाय जमिनीला टेकेनात. ती शांतपणे उतरली.

"हिला काही होणार नाही हो, पण माझं काय? मला रोज दवाखान्यात जायचंय हे खरं, पण कामावर. ॲडमिट व्हायला नाही!"

दुकानात हशा पिकला. रणधीररावांनी तिच्या उंचीला शोभेल अशी साधी, हलकी सायकल काढली. तेवढ्यात त्या अजस्र सायकलीवर डोळा ठेवून उभे असलेले एक ढेरपोटे वकील हळूच म्हणाले, "मलाही यांच्यासारखी साधीच दाखवा."