बागेच्या फाटकावरचा प्रश्न

एकदा एका मोठ्या शहरात बागेचा एक राखणदार राहत होता. त्याचं नाव केरबा, त्याच्या बायकोचं नाव अनसा. केरबाला झाडं लावायला आणि जगवायला शिकवणारे एक वृद्ध माळी होते, त्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी काम सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी केरबाचं काही अडलं की तो धावत त्यांच्याच ओट्यावर जाई.

शहराची ती बाग अवाढव्य. एका अंगाला बाजार, दुसऱ्या अंगाला स्टेशन आणि बागेच्या पोटातून जाणारा एक रस्ता. तो मुळात पायी फिरणाऱ्यांचा. पण बाहेरून वळसा घातला तर दहा मिनिटं जास्त लागत, म्हणून सगळं शहर आतूनच घुसे. स्कूटरी, रिक्षा, भाजीचे टेम्पो! म्हातारी माणसं पलीकडे जायला पाऊल उचलत आणि पुन्हा मागे घेत. ह्या रस्त्याच्या ऐन वळणावर केरबाची एक कौलारू खोली होती.

अनसाला सातवा लागला होता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि टिकले नाहीत. बाहेर हॉर्न वाजला की ती दचकून पोटावर हात ठेवी, आणि केरबाच्या जिवाचं पाणी होई.

केरबाने रस्त्यावर आडवी दोरी बांधली, ती कुणीतरी कापून नेली. काठी घेऊन उभा राहिला, तर एक टेम्पोवाला म्हणाला, "ए बागवाल्या, रस्ता काय तुझ्या सासऱ्याने आंदण दिलाय?"

मग केरबाने एक धोंडा आणून रस्त्याच्या मधोमध ठेवला आणि त्याला शेंदूर फासला. देवाच्या अंगावर गाडी कोण घालील?

कुणी घातली नाही, हे खरं. पण तिसऱ्या दिवशी धोंड्यापुढे नारळ फुटला. आठव्या दिवशी हारवाला आला, त्याच्या शेजारी नारळवाला. शनिवारी तर रांग लागली. ज्यांचा ह्या रस्त्याशी संबंध नव्हता, तेही आता दर्शनाला ह्याच रस्त्याने येऊ लागले. आणि एका भाविकाने चालत्या स्कूटरवरून दोन्ही हात जोडले, तो थेट नारळवाल्याच्या टोपलीत गेला.

दुसऱ्या दिवशी बागेचे साहेब आले. "केरबा, दिवाळीपर्यंत वाट बघतो. आणखी एक टक्कर झाली, तर रस्ता रुंद करावा लागेल. म्हणजे तुझी खोली पाडावी लागेल. आधीच सांगून ठेवतो."

केरबा तसाच नानांकडे पळाला. "नाना, उठा! आत्ताच्या आत्ता चला."

"चहा घे आधी."

"चहा कसला घेताय? माझं घर पडतंय तिकडे!"

नानांनी सावकाश चहा संपवला, पायांत वहाणा सरकवल्या आणि निघाले. प्रथम त्यांनी तो धोंडा उचलवून, नमस्कार करून, आतल्या वडाखाली नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या फाटकात पाण्याचा रांजण आणला, दोन बाकडी मांडली आणि स्वतः उभे राहिले. स्टेशनच्या फाटकात तसाच थाट करून आपल्या बहिणीला बसवलं. तिचा आवाज नानांपेक्षा खणखणीत.

पहिली स्कूटर आली. नानांनी हात जोडून विचारलं, "कुठे निघालात?"

त्या माणसाने करकचून ब्रेक दाबला. "अहो आजोबा! मुलगी बघायला चाललोय. निघालेल्याला कुठे म्हणून कुणी विचारतं का?"

"चुकलंच माझं. टेका क्षणभर, पाणी प्या, मग निघा. आईने शिकवलंय ना?"

आईने शिकवलंच होतं. तो पुटपुटत बाकड्यावर टेकला, घोटभर पाणी प्याला, केसांवरून हात फिरवला आणि मग बेताबेताने गेला.

मागून रिक्षावाला ओरडला, "म्हातारबा, अजून भवानी झाली नाही माझी!"

"मग तर टेकच. पाणी गार आहे."

केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाना, अख्ख्या शहराला अपशकुन करताय. लोक शिव्या घालतील."

"घालू देत. शिव्या घालताना गाडी उभी असते ना?"

इतक्यात एक रिक्षा आली, आत तापाने फणफणलेलं पोर. नानांनी काही विचारलं नाही. लगबगीने फाटक सताड उघडलं आणि बाकीच्यांना हाताने थोपवलं.

दोन महिने गेले. ज्यांना खास काम नव्हतं, त्यांनी म्हाताऱ्याची कटकट नको म्हणून बाहेरचा वळसा धरला. बाकीचे न विचारताच थांबू लागले. मोकळ्या रस्त्यावर म्हातारी माणसं दिसू लागली. प्रसूतिगृहातल्या गोदाबाई सिस्टरही गुडघे मोकळे करायला रोज संध्याकाळी बागेत यायच्या.

तेव्हा नाना म्हणाले, "केरबा, दोरी बांधलीस तेव्हा तू गाडी अडवलीस, माणूस आतल्या आत धावतच राहिला. धोंडा ठेवलास तेव्हा त्याच्या धावण्यात आणखी एक काम घातलंस. धावणाऱ्याला वाटतं, आपण कामासाठी धावतोय. निम्म्यांना नुसती सवय असते. प्रश्न विचारला की क्षणभर त्याला स्वतःकडे वळून पाहावं लागतं. खऱ्या घाईवाल्याला मी विचारत नाही, त्याचं तोंडच सांगतं."

केरबाने मान डोलावली. पण लक्ष कुठे होतं? तो दिवाळीचे दिवस मोजत होता.

दिवाळी चार दिवसांवर असताना संध्याकाळी अनसाला कळा सुरू झाल्या. केरबाने सायकल काढली आणि सुसाट फाटकाशी आला. नाना मध्येच उभे.

"कुठे निघालास?"

"नाना, आत्ता नाही! अनसाला... दवाखान्यात... सिस्टरला आणायला..."

"टेक."

"अहो, मला काय विचारताय? बाजूला व्हा!" केरबा किंचाळला. पण नाना हलले नाहीत. सायकल कलंडली आणि तो बाकड्यावर बसलाच. नानांनी पाण्याचा पेला हातात दिला. एक घोट घशाखाली उतरला, तशी केरबाची नजर शेजारी गेली.

शेजारी गोदाबाई पाय पसरून शेंगा सोलत होत्या.

"काय रे, कुणाला आणायला निघालास म्हणालास?" पदरातली टरफलं झटकत त्या उठल्या. "चल. आणि सायकल राहू दे इथेच, पायी चल."

मोकळ्या रस्त्याने दोघं पाच मिनिटांत खोलीवर पोहोचले. दिवेलागणीला मुलीचं रडणं ऐकू आलं. बाळबाळंतीण सुखरूप होत्या.

केरबा फाटकाशी परत आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "नाना, खऱ्या घाईवाल्याला विचारत नाही म्हणाला होतात."

"घाई खरीच होती रे. पण जिला शोधत होतास, तिच्यापासून लांब पळत होतास."

पडलेली सायकल उचलून केरबाने ती हाताने ढकलत घरी नेली.

दिवाळीला साहेब पेढे घेऊन आले. टक्कर एकही झाली नव्हती. रस्ता होता तेवढाच राहणार होता, खोलीला नवी कौलं मिळणार होती. माळ्यावर अकरा वर्षं पडून असलेला पाळणा अनसाने खाली काढून पुसून घेतला, आणि बारशाला आलेल्या प्रत्येकाला केरबाने आधी बसवलं, पाणी दिलं, मगच लेक दाखवली.